‘राहू दे’ म्हणाले, म्हणून राहिलो

पत्र थोडक्यात असं आहे. पत्रलेखक २५ वर्षांचे, आजरा-चंदगडकडच्या एका गावचे. मुंबईत नोकरी लागली तेव्हा जागा मिळेपर्यंत आठ दिवस म्हणून ते लालबागला गावच्या मंडळाच्या खोलीत, म्हणजे मुंबईतल्या गावकऱ्यांनी वर्गणी काढून चाळीत सांभाळलेल्या सामाईक खोलीत, उतरले. आता पावणेदोन महिने झाले. खोलीत ११ जण राहतात. आजोबा गिरणीत होते, मंडळाच्या पहिल्या सभासदांपैकी. संपानंतर ते गावी परतले, पण नाव रंगवलेली त्यांची ट्रंक अजून माळ्यावर आहे. सुरुवातीला सगळ्यांनी अगत्य केलं, आता कुणी धड बोलत नाही. पत्रलेखकांनी गावच्या नात्यानं चुलते लागणाऱ्या तात्यांना ३००० रुपये देऊ केले, त्यांनी घेतले नाहीत. खोलीसाठी टेबल फॅन आणला, तो खोक्यातच आहे. आठवड्यातले तीन दिवस ते खोलीतूनच लॅपटॉपवर काम करतात, ‘हेडफोन लावून, कुणाला त्रास न देता’. मध्यंतरी गावाकडून एक पेशंट टाटा कॅन्सर हॉस्पिटलला आला, तो आणि त्याचा मुलगा गॅलरीत झोपले. यांनी आपली जागा देऊ केली, तर ‘राहू दे’ म्हणाले. आणि गेल्या आठवड्यात पाठीमागे कुणीतरी बोललेलं कानावर आलं: “पाहुणा आठ दिवसांचा. ह्यो तर वाटेकरी झाला.” चाळीच्या पुनर्विकासाच्या मीटिंगा चालू असल्यानं सगळे टेन्शनमध्ये असतात, असंही त्यांनी जाता जाता लिहिलंय. ते विचारतात, ‘पैसे घेत नाहीत, तोंडावर काही सांगत नाहीत. आजोबांच्या हक्काच्या खोलीत मला परक्यासारखं का वाटावं? लगेच बाहेर पडू, की काही सुधारता येईल?’

प्रिय मित्रा,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा एकाच शब्दावर अडकले: वाटेकरी. तुम्हाला तो टोमणा वाटला. मला त्यात भीती दिसते. ज्या चाळीत पुनर्विकासाच्या मीटिंगा चालू आहेत, नव्या जागेला कोण पात्र आणि कोण अपात्र याच्या याद्या फिरतायत, तिथे एक तरुण माणूस येतो, आठ दिवस म्हणून येतो आणि दोन महिने राहतो. त्याच्या आजोबांच्या नावाची ट्रंक माळ्यावर आहे. तो महिन्याला पैसेही देऊ करतो. तुमच्या मनात तसं काहीच नव्हतं, हे मला दिसतंय. पण त्या अकरा जणांच्या जागी बसून बघा. त्यातल्या निम्म्यांनी बापाकडून आलेली वर्गणी वर्षानुवर्षं भरून ती जागा टिकवलीय. तात्यांनी पैसे का घेतले नाहीत, याचं निम्मं उत्तर इथेच आहे. पाहुण्याकडून पैसे घ्यायचे नसतात, हे खरंच. पण दरमहा पैसे घेतले की पाहुणा पाहुणा राहत नाही, हेही त्यांना ठाऊक आहे.

म्हणून पहिली गोष्ट: ‘आजोबांच्या हक्काची खोली’ हे शब्द त्या खोलीत थट्टेतही काढू नका. काढले असतील, आणि मला वाटतं काढले असावेत, तर ते खोडून काढा. कसं, ते पुढे सांगते.

मी या खोल्या बाहेरून पाहिल्यात, पण फार जवळून. माझी आई परळला खानावळ चालवायची. साताऱ्याकडच्या एका गावची खोली आमच्याच मजल्यावर होती, त्यातले चौदा जण आमच्याकडे जेवायचे. आईची एक लांबट वही होती, दोरा बांधलेली. ज्याच्या त्याच्या नावापुढे खाडे मांडायचे, म्हणजे जेवायला आला नाही तो दिवस वजा. आणि खाली वेगळ्या ओळीत ‘पा.’ असं लिहून रेघा. पा. म्हणजे पाहुणा. गावाकडून कुणी आलं की त्याचं ताट ज्यानं आणलं त्याच्या नावावर चढायचं. पाहुण्याला ते कधीच कळायचं नाही. तो जेवायचा, “मावशी, झकास झालंय” म्हणायचा आणि हात धुवायला जायचा. महिन्याच्या दहा तारखेला ज्याच्या खात्यावर रेघा असत तो माणूस न बोलता पैसे मोजायचा. एका महिन्यात एकाच्या नावावर सत्तावीस रेघा झालेल्या मला आठवतात. आईनं त्यातल्या सात सोडून दिल्या होत्या.

तुमच्या पत्रात जेवणाबद्दल एक अक्षर नाही. तुम्ही दोन महिने जेवताय कुठे? डबा येत असेल तर तो कुणाच्या नावावर चालू आहे? खोलीतच स्वयंपाक होत असेल तर डाळ-तांदळाच्या हिशोबात तुमचं डोकं कुणी धरलंय? आज रात्री हे विचारा. तात्यांना विचारू नका, ते सांगणार नाहीत. हिशोब ठेवणाऱ्याला विचारा. आकडा कळला की तेवढे पैसे त्याच दिवशी द्या. हे भाडं नव्हे, जेवणाचं देणं आहे, त्यामुळे हे ते घेतील.

आता तुमच्या ‘कुणी काही सांगत नाही’कडे येते. तुम्ही त्याचा अर्थ ‘मनात ठेवून वागतात’ असा लावलाय. मला वेगळं वाटतं. एखाद्याच्या घरी तुम्ही उतरलात तर तिथे एक बाई किंवा एक बुवा यजमान असतात. त्यांना जड झालं तर ते “मग, परतीचं रिझर्वेशन कधीचं?” असं गोडीत विचारू शकतात. गावच्या खोलीत असा माणूसच नसतो. खोली अकरा जणांची, म्हणजे विचारायचा हक्क अकरांचा आणि वाईटपणा मात्र जो विचारेल त्या एकाचा. आणि तो वाईटपणा मुंबईत संपत नाही. आठ दिवसांत गावात पोचतो, ‘अमक्यानं आमच्या पोराला खोलीतून काढलं’ म्हणून. तिथे तुमची आणि त्याची शेतं बांधाला बांध लावून असणार. कोण बोलेल सांगा! त्यामुळे अशा घरात जे यजमानानं सांगायचं ते पाहुण्यानंच स्वतःला सांगायला लागतं: किती दिवस, कुठे झोपायचं, कधी उठायचं, काय वापरायचं. ‘राहू दे’ हा तर आपल्याकडचा सगळ्यात फसवा शब्द. ताटात पोळी वाढताना म्हटला तर ‘अजून एक चालेल’ असाही त्याचा अर्थ होतो. तुम्ही जागा देऊ केलीत आणि ‘राहू दे’ ऐकून पुन्हा आडवे झालात. उठून पथारी गॅलरीत नेली असतीत, तर कुणी तुम्हाला धरून आत आणलं नसतं.

त्या पेशंटबद्दल थोडं जास्त बोलते, कारण माझ्या मते तुमची चूक झाली ती खरी इथे. परळात टाटा, केईएम, वाडिया ही इस्पितळं हाकेच्या अंतरावर. टाटाला येणाऱ्या पुष्कळ पेशंटना भरती करून घेत नाहीत. सकाळी जायचं, केमो घ्यायची, संध्याकाळी परत. रेडिएशन असेल तर सोमवार ते शुक्रवार रोज, कित्येक आठवडे. मग राहायचं कुठे? दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे, तिथे कॅन्सरच्या पेशंटची सोय होते. पण तिथे जागा मिळेपर्यंत माणूस आपल्या गावच्या खोलीचा पत्ता शोधत येतो. अशा खोलीत एका माणसापुरती फट नेहमी मोकळी ठेवलेली असते आणि जादाची एक वळकटी माळ्यावर असते. ती त्याच्यासाठी. तुम्ही आलात तेव्हा ती तुम्हाला दिली, आठ दिवसांसाठी. तुम्ही निजताय ती जागा रिकामी नव्हती, राखीव होती. हे कुणी सांगितलं नाही म्हणून तुम्हाला दोष देत नाही. पण आता कळलंय.

मग हेडफोन. हेडफोननं तुम्हाला दुसऱ्यांचा आवाज येत नाही, दुसऱ्यांना तुमचा येतोच. ‘दिवसा खोली रिकामीच असते’ असं तुम्ही लिहिलंय आणि पुढच्याच ओळीत ‘सिक्युरिटीत नाईट करणारे दोघे तेवढे झोपलेले असतात’. अहो, मग रिकामी कशी? गिरण्या तीन पाळ्यांत चालायच्या तेव्हा अशाच एका खोलीत तीस-तीस माणसं नावावर असायची. पहिल्या पाळीचा उठून गेला की त्याच्या जागी तिसऱ्या पाळीचा येऊन पडायचा. त्या काळचा एकच कडक नियम होता, झोपलेल्या माणसाच्या डोक्याशी बोलायचं नाही. चहा प्यायला गॅलरीत, विडी ओढायला खाली. रात्रभर एखाद्या टॉवरच्या गेटवर उभा राहिलेला माणूस सकाळी नवाला येऊन पडतो आणि अकराला त्याच्या उशाशी “आवाज येतोय का, दिसतंय का स्क्रीन” सुरू होतं. मी असते तर हेडफोनसकट लॅपटॉप खाली ठेवून आले असते. तिथे आहात तोवर ते तीन दिवस ऑफिसात बसा, किंवा एखाद्या अभ्यासिकेचे महिन्याचे पैसे भरा. फोनवर बोलायचं असेल तर जिना उतरून खाली जा. गॅलरीतसुद्धा नको. मजल्यावरच्या बाकीच्या खोल्यांत बायकामुलं राहतात, आणि सगळ्या पुरुषांची खोली म्हटली की त्यांचा एक डोळा तिच्यावर असतोच. ‘गावची माणसं सरळ आहेत’ हे नाव त्या मंडळानं दोन पिढ्या जपलेलं असतं. ते पाहुण्याच्या बेतालपणानं जातं, तेही फुकटात. टॉवेल गुंडाळून गॅलरीत ब्रश करत उभं राहणं, रात्री साडेअकराला हसत बोलणं, मित्राला ‘जरा वर ये’ म्हणणं, हे सगळं यात आलं.

टेबल फॅन परत करा. मनापासून आणलात, ठाऊक आहे. पण दहा बाय बाराच्या खोलीत अकरा पेट्या, अकरा वळकट्या, पाण्याचं पिंप, देवाचा फोटो आणि मीटरखाली एकच बोर्ड. तो फॅन ठेवायचा कुठे आणि लावायचा कशाला? अशा घरात जागा खाणारी भेट नेऊ नये, संपणारी न्यावी. चहापूड, साखर, कपड्याचा साबण, फिनेल. गावाहून येणार असाल तर घनसाळ तांदूळ, काजू. संपलं की नाव निघतं, अडगळ होत नाही.

आणि काम करा. पैशापेक्षा याची किंमत तिथे जास्त आहे. पहाटे पाणी येतं तेव्हा पिंप कोण भरतं? त्यांच्यात पाळ्या असणार, तुमचं नाव त्यात नसणार, कारण पाहुण्याला पाळी लावत नाहीत. उद्यापासून आपणहून उठा. विचारत बसू नका, विचारलंत की ‘राहू दे’ येणारच. बादली उचला आणि लागा. मोरी धुवा. कामावर निघणाऱ्यांना सहा ते आठ संडास आणि मोरी मोकळी सोडा. तुमचं ऑफिस दहाचं असेल तर त्या दोन तासांत रांगेत उभं राहायचं तुम्हाला कारण नाही. पहाटे पाचला उरका, नाहीतर आठनंतर. कपडे वाळत घालताना दोरीवर कुणाचा कुठला हात-दीड हात आहे ते बघा. दोरी मोकळी दिसते, पण तीही वाटलेली असते. रात्री दहानंतर मोबाइलचा उजेड पांघरुणाच्या आत. हे फार बारीक वाटेल. खोलीच बारीक आहे, काय करणार.

आता मुख्य प्रश्न: जायचं की राहायचं. उद्या सकाळी बॅग उचलून निघून जाणं मला पटत नाही. तो रुसवा दिसेल, आणि तुमच्या मागे अकरा जण आठ दिवस एकमेकांना विचारत बसतील की कोण काय बोललं. दुसरा रस्ता म्हणजे वागणं सुधारून आणखी दोन-तीन महिने काढायचे. तुम्हाला मनातून हाच हवाय असं मला पत्राच्या शेवटावरून वाटलं. ‘इथे संध्याकाळी कानावर आपली भाषा पडते, बाहेर गेलो तर एकटा पडेन’ असं तुम्ही लिहिलंय. त्या वाक्यापाशी मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पहिल्यांदा घर सोडलेल्या माणसाला रात्री कुणीतरी “जेवलास काय रं?” विचारणं म्हणजे काय, ते पगाराच्या आकड्यात मोजता येत नाही. पण तुमचा पगार सुरू झालाय. दोन पगार हातात आलेत. ज्याचा अजून झाला नाही असा गावचा पुढचा पोरगा जूनमध्ये येईल, किंवा पुढच्या सोमवारी एखादा पेशंट येईल. ती फट त्यांची आहे. त्यामुळे माझं मत स्पष्ट आहे: पंधरा-वीस दिवसांत जागा बघा. मुंबईत एकट्याला खोली परवडत नाही, हे कबूल. कॉट बेसिसवर, म्हणजे एका खाटेपुरतं भाडं भरून, बघा, ऑफिसातल्या दोघा-तिघांत मिळून बघा, हार्बर किंवा मध्य रेल्वेवर जरा लांब जावं लागलं तरी जा.

आणि तारीख बोलून दाखवा. खोलीची महिन्याची बैठक असेल तर तिथे, नसेल तर रविवारी दुपारी सगळे जेवून पान लावत बसतात तेव्हा. एकट्या तात्यांच्या कानात सांगू नका, सगळ्यांसमोर सांगा, म्हणजे नंतर कुणाला निरोप पोचवायला लागणार नाही. फार लांबण नको. साधारण असं: “आठ दिवस म्हणून आलो आणि दोन महिने झाले, माझ्या ध्यानात यायला पाहिजे होतं. तुमच्यामुळे नोकरीत टिकलो. अमक्या तारखेला मी दुसरीकडे जातोय. आजोबांचं नाव मी कौतुकानं घेत होतो, खोलीत मला काही नको, हे सगळ्यांसमोर सांगतो. गावाकडून कुणी पेशंट आला तर मला फोन करा, रात्रीची सोबत मी करीन.” शेवटचं वाक्य पाळणार असाल तरच बोला. मंडळाला काही द्यावंसं वाटलं तर वर्षाच्या सत्यनारायणाला देणगी म्हणून द्या, सेक्रेटरीच्या हातात, आणि पावतीवर ‘देणगी’ असंच लिहून घ्या. भाडं हा शब्द कुठे उमटता कामा नये. त्यात तुमचंही भलं आहे आणि त्यांचंही.

तुमच्या घरच्यांचा खरोखर काही सभासदहक्क शिल्लक असेल, तर तो वडिलांनी मंडळाकडे सरळ लेखी विचारावा. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाखाच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि किती जण पुन्हा पाळीवर गेलेच नाहीत. गावी गेलेल्यांपैकी कुणी वर्गणी भरत राहिला, कुणी सोडली. तुमच्या आजोबांनी काय केलं ते मंडळाच्या वहीत असेल. पण तो विषय तुम्ही तिथून बाहेर पडल्यावर काढायचा. ज्याच्या खोलीत निजतो त्याच्याशी त्याच खोलीचा वाद घालणं मला तरी जमलं नसतं.

हे पत्र वाचताना मला आणखी बरीच माणसं आठवली. पुण्यात पेठेत स्पर्धा परीक्षेच्या चार पोरांच्या खोलीत ‘पेपरपुरता’ आलेला पाचवा. चौघी मैत्रिणींच्या फ्लॅटवर एकीची बहीण म्हणून येऊन महिनाभर राहिलेली मुलगी. तिला बोलावलेलं असतं एकीनं, पण गीझर चौघींचा असतो, आणि उरलेल्या तिघींना कुणी विचारलेलं नसतं. कोकणात गणपतीला सामाईक घरी उतरणारे मुंबईकर चुलतभाऊ तर विचारूच नका. ते स्वतःला घरचेच समजतात, आणि वर्षभर ज्या वहिनीनं ते घर सारवलेलं असतं तिला पाच दिवस पाहुण्यासारखं बाजूला उभं करतात. त्यांच्यावर कधीतरी वेगळं लिहीन. या सगळ्यांना एवढंच सांगते की बोलावणाऱ्याशिवाय घरात आणखी कोण कोण राहतं ते आधी मोजा, आणि परतीची तारीख जाण्यापूर्वीच कळवा.

तुमच्याकडे वळते. शेवटच्या दिवशी ती वळकटी धुऊन, उन्हात वाळवून, बांधून जिथून निघाली होती तिथे माळ्यावर ठेवा. किल्ली दिली असेल तर हातात द्या, कुणाकडे ठेवून जाऊ नका. रविवारी मधूनमधून जात राहा, पूजेला जा, पण जेवायच्या वेळेला न सांगता टपकू नका.

राहिली ट्रंक. त्या पावणेदोन महिन्यांत ती उघडली नसेलच अशी आशा करते. उघडायची असेल तर तात्यांना समोर बसवून, दार उघडं ठेवून उघडा. आत काय निघेल? एखादं गिरणीचं कार्ड, धोतर, जुन्या पावत्या. कागद असतील ते सगळ्यांना दाखवा. मग विचारा, ही गावी घेऊन जाऊ का? त्यावर ते “राहू दे” म्हणाले, तर राहू द्या.